राजूरची अंगारकी, शनिवारचे लोखंड

संकष्टी चतुर्थी मंगळवारी आली की जालन्याहून राजूरकडे जाणारा रस्ता आदल्या रात्रीपासूनच माणसांनी भरून जातो. अंतर पंचवीसेक किलोमीटरचे. अनवाणी चालणारे तरुण, लेकरू कडेवर घेतलेल्या बाया, गावोगावहून निघालेले घोळके आणि वाटेत चहा, केळी, साबुदाण्याची खिचडी वाटणारे मांडव. भोकरदन तालुक्यातल्या या राजुरेश्वराची गणना भक्तमंडळी गणपतीच्या साडेतीन पीठांत करतात. अंगारकीचा उपवास केला आणि दर्शन घडले की वर्षभराच्या संकष्ट्यांचे पुण्य पदरात पडते, ही श्रद्धा. असा योग वर्षातून साधारण एकदोनदा येतो, त्यामुळे त्याची वाट पाहिली जाते.

हाच दिवस आता मुहूर्तशास्त्राच्या नियमांना लावून पाहू. पक्ष कृष्ण, म्हणजे चंद्र उतरणीला लागलेला. शुभकार्याला शुक्ल पक्ष बरा. तिथी चतुर्थी, ती ‘रिक्ता’ गटातली, म्हणून वर्ज्य. वार मंगळ, तो ‘क्रूर’. तिन्ही अंगांनी नाकारलेला दिवस. नव्या घराची वास्तुशांत करायला कोणी हा दिवस सुचवणार नाही. आणि त्याच दिवशी जिल्ह्यातली हजारो माणसे रात्रभर चालून देवाकडे निघालेली असतात. गणेशपुराणात याची कथा आहे: भूमिपुत्र मंगळाने तप केले, गणपती प्रसन्न झाला आणि मंगळाच्या वारी येणाऱ्या चतुर्थीला त्याने मंगळाचे नाव दिले. कथेने काय केले ते नीट पाहावे. जोशांच्या हिशेबात जे दोष होते, त्यांचीच भक्तांनी पुण्याई केली. तिथी तीच, वार तोच, आकाशातले ग्रहही तेच.

दिवस आणि आकडे अशुभ कसे ठरतात, कुठून येतात आणि कोणाच्या हातून पुढे जातात, हे समजून घ्यायला राजूरइतकी चांगली जागा मला दुसरी दिसत नाही.

‘रिक्ता’ ही भानगड काय आहे, ते आधी पाहू. पंधरा तिथींना पाच नावे आळीपाळीने दिलेली आहेत: नंदा, भद्रा, जया, रिक्ता, पूर्णा. प्रतिपदा नंदा, द्वितीया भद्रा, तृतीया जया, चतुर्थी रिक्ता, पंचमी पूर्णा. षष्ठीपासून पुन्हा नंदा. या क्रमाने चौथी, नववी आणि चौदावी तिथी रिक्ता ठरते. तिथी म्हणजे सूर्य आणि चंद्र यांच्यातले अंतर बारा अंशांनी वाढायला लागणारा काळ. तृतीयेला हे अंतर चोवीस अंशांच्या पुढे असते, चतुर्थीला छत्तीसच्या पुढे. आकाशात चतुर्थीला असे काहीच घडत नाही जे तृतीयेला घडत नव्हते. चौथ्या जागेवर ‘रिक्ता’ हे नाव आले आणि नावामागून दोष आला. शिवाय याच शास्त्रात रिक्ता तिथी शनिवारी आली तर तो ‘सिद्धयोग’ मानतात. म्हणजे दोन अशुभ गोष्टी एकत्र आल्या की शुभ होते, हे जोशांनाही मान्य आहे.

मराठी माणसाच्या वर्षातून या रिक्ता तिथी वगळून पाहा. गणेश चतुर्थी जाईल. रामनवमी जाईल. अनंत चतुर्दशी, नरक चतुर्दशी, महाशिवरात्र, सगळेच जाईल. घनसावंगी तालुक्यातले जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. शके १५३०, म्हणजे इसवी सन १६०८ची चैत्र शुद्ध नवमी, रामनवमी हाच त्यांचा जन्मदिवस. तीही रिक्ता. जांबेत त्या दिवशी उत्सव असतो आणि तिथी रिकामी आहे म्हणून कोणी घरी बसत नाही. लोकांच्या आयुष्यात दोन पंचांगे शेजारी शेजारी नांदतात. एक जोशांचे, त्यात दोष मोजलेले असतात. दुसरे देवाचे आणि जत्रेचे. दोन्हींत विरोध आला की बहुतेक वेळा जत्रा जिंकते.

अमावास्येची गोष्ट मात्र वेगळी आहे, कारण तिथे आकाशात खरोखर काही घडते. चंद्र दिसत नाही. गावात वीज आली ती गेल्या दोनतीन पिढ्यांत. त्याआधी रात्रीचा उजेड म्हणजे चंद्र आणि कंदील, आणि कंदिलाला रॉकेल लागे. वऱ्हाड बैलगाड्यांनी निघे, मुक्कामाला पोचायला रात्र होई, ओढ्याच्या पांदीत साप-विंचू, वाटमारीचे भय. अशा वेळी लग्नाची तिथी शुक्ल पक्षातली धरणे आणि अमावास्या टाळणे यात शहाणपण होते. भुताखेतांची वर्णने त्या अंधाराने पोसली. तिठ्यावर ठेवलेला लिंबू, हळदकुंकू आणि भाताचा उतारा अमावास्येच्याच सकाळी दिसतो, कारण अंधारात कोणी पाहत नाही.

पण गल्लीत दिवे आले तरी अमावास्या मागे हटली नाही. माझ्या मते याचे मुख्य कारण भीती नाही, सुट्टी आहे. मराठवाड्यात सालगड्याचा करार पाडव्याला ठरतो आणि पुढच्या पाडव्याला संपतो. त्या वर्षभरात रविवार नसतो. आजारपण सोडले तर हक्काची रजा नसते. अनेक गावांत अमावास्येला औत जुंपत नाहीत, गवंडी-सुतार हत्याराला हात लावत नाहीत. मालकाने गड्याला आणि बैलाला विसावा द्यावा, अशी नुसती शिकवण असती तर ती पेरणीच्या घाईत पहिल्याच महिन्यात मोडली असती. ‘आज औत धरले तर काही बरेवाईट होईल’ ही भीती मालकालाही वाटे, म्हणून ती टिकली. दुबळ्याच्या विश्रांतीला अशुभाचा पहारा मिळाला. श्रावणी अमावास्येचा पोळा हे याच गोष्टीचे उजळ रूप आहे. वशिंडाला लोणी-हळद, शिंगांना बेगड, पाठीवर झूल, पुरणपोळीचा घास, आणि त्या दिवशी बैलाच्या खांद्यावर जू ठेवायचे नाही. त्याच दिवशी आया पिठोरीचे व्रत करून लेकरांसाठी आयुष्य मागतात. आणखी दोन महिन्यांनी येणारी आश्विनातली अमावास्या तर लक्ष्मीपूजनाची. जालन्याच्या मोंढ्यात ज्या व्यापाऱ्याच्या दाराला एरवी अमावास्येला नवे लिंबू-मिरची टांगले जाते, तोच व्यापारी त्या अमावास्येला चोपडीची पूजा करतो.

आता वारांकडे वळू. शनिवारी लोखंड, तेल आणि मीठ घरात आणू नये, असे आपल्याकडे घरोघरी सांगतात. जालना हे लोखंडाचे शहर आहे. औद्योगिक वसाहतीतल्या भट्ट्यांत भंगार वितळते, रोलिंग मिलमधून सळ्या बाहेर पडतात आणि राज्यभरातल्या घरांच्या कॉलममध्ये जाऊन बसतात. वितळलेल्या लोखंडाची भट्टी वार पाहून थांबवता येत नाही. ज्या गावची रोजीरोटी लोखंडावर उभी आहे त्याच गावातली गृहिणी शनिवारी तवा विकत घेत नाही, यात मला हसण्यासारखे काही दिसत नाही. मला कुतूहल वाटते ते शनी आणि लोखंड यांच्या नात्याचे. युरोपातल्या जुन्या किमयागारांनी लोखंड मंगळाला दिले होते आणि शनीला शिसे. आपल्याकडे लोखंड शनीच्या वाट्याला आले. ग्रहाचा धातूवर खरोखर काही परिणाम असता, तर दोन संस्कृतींची वाटणी एकच निघायला हवी होती.

शनिवार हा शनीचा झाला कसा, हा मानवी इतिहासातला एक अतिशय सुंदर हिशेब आहे. कागद-पेन्सिल घेऊन तो एकदा करून पाहावा. प्राचीन ज्योतिष्यांनी सात ग्रह मानले आणि ते संथ गतीकडून वेगाकडे असे लावले: शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र. दिवसाचे चोवीस तास, म्हणजे होरा. एकेका होऱ्याचा मालक या क्रमाने एकेक ग्रह. ज्या ग्रहाचा पहिला होरा, त्याचाच तो दिवस. पहिला होरा शनीचा धरा. सात होऱ्यांत एक फेरी पुरी होते, एकवीस होऱ्यांत तीन फेऱ्या. उरले तीन: बाविसावा शनीचा, तेविसावा गुरूचा, चोविसावा मंगळाचा. दिवस संपला. दुसऱ्या दिवशीचा पहिला होरा क्रमाने रवीचा, म्हणून शनिवारनंतर रविवार. रवीपासून असेच मोजा, चंद्र येतो, सोमवार. चंद्रापासून मोजा, मंगळवार. चोवीसला सातने भागून बाकी तीन उरते, एवढ्यावर आपला आठवडा उभा आहे. दिवसाचे वीस होरे मानले असते, तर बाकी सहा उरली असती आणि शनिवारनंतर थेट सोमवार आला असता.

शनीला वाईट नाव मिळाले तेही त्याच्या चालीमुळे. नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या ग्रहांत तो सर्वात मंद. राशिचक्राची एक फेरी पुरी करायला त्याला साडेएकोणतीस वर्षे लागतात. मिणमिणता, पिवळट, रेंगाळणारा. म्हातारपण, दीर्घ आजार, न फिटणारे कर्ज या सगळ्यांशी त्याची सांगड घालणे माणसाला सहज सुचले.

हा वारांचा आठवडा आपल्याकडे फार जुना नाही. वैदिक वाङ्मयात तिथी आणि नक्षत्रे आहेत, सोमवार-मंगळवार नाहीत. बॅबिलोन, मिसर आणि ग्रीस यांच्या ज्योतिषाचा मेळ होऊन बनलेली ही व्यवस्था इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत भारतात रुजली. कोरीव लेखात वाराचा पहिला पक्का उल्लेख मध्य प्रदेशातल्या एरण इथल्या बुधगुप्ताच्या स्तंभावर आहे. इसवी सन ४८४, आषाढ शुद्ध द्वादशी, गुरुवार. आपल्या भागातले सातवाहनकालीन लेख त्याआधीचे. आजचे भोकरदन म्हणजे तेव्हाचे भोगवर्धन. तिथल्या दात्यांची नावे सांची आणि भारहूतच्या स्तूपांवर कोरलेली आहेत. त्या लेखांत वार नाही. ज्या शनिवारला आपण अनादी मानतो, तो भोगवर्धनच्या त्या दानशूर माणसांना ठाऊकच नव्हता.

सातवाहन काळात तारीख कशी लिहीत, त्याचा उत्तम नमुना नाशिकच्या पांडवलेण्यांत आहे. गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री हिने तिथले तिसऱ्या क्रमांकाचे लेणे भिक्षुसंघाला दान दिले. तिथल्या भिंतीवरचा लेख सांगतो: राजा वासिष्ठीपुत्र पुळुमावीचे एकोणिसावे वर्ष, उन्हाळ्याचा दुसरा पंधरवडा, तेरावा दिवस. तेरा हा आकडा अक्षरांत आहे आणि अंकातही आहे. पुत्रवियोग सोसलेली राजमाता आपल्या आयुष्यातले सर्वात मोठे दान तेराव्या दिवशी देते आणि तो दिवस दगडावर ठळक कोरवते. तेराचे भय तेव्हाच्या दख्खनमध्ये असते तर असे घडले नसते.

मग आज छत्रपती संभाजीनगरच्या, पुण्याच्या काही हॉटेलांत बारानंतर चौदा क्रमांकाची खोली येते ती कशामुळे? ते भय युरोपातून आले. येशूच्या अखेरच्या भोजनाला तेरा जण होते, ही त्यामागची सर्वांत प्रसिद्ध कथा. शुक्रवार आणि तेरा यांची जोडी तर त्याहून अलीकडची. अमेरिकेत १९०७ साली टॉमस लॉसन याने त्या नावाची कादंबरी लिहिली आणि ती जोडी लोकांच्या तोंडी बसली. आपल्याकडे आश्विन वद्य त्रयोदशी ही धनत्रयोदशी, सराफ्यात पाय ठेवायला जागा नसते तो दिवस. तेराव्याचे गोडजेवण मृत्यूशी जोडलेले आहे खरे, पण तेही सुतक संपल्याचे, घर पुन्हा माणसांत आल्याचे जेवण आहे. इटलीत तेराला नाही, सतराला घाबरतात. चीन-जपानमध्ये चारला, कारण तिथे चार आणि मृत्यू यांचा उच्चार सारखा आहे. जालन्यातली आजी ताटात तीन पोळ्या एकदम वाढत नाही; एक तुकडा तरी चौथा ठेवते. चीनमधली आजी चारच टाळेल. दोघींच्याही घरात लेकरांवर माया तेवढीच आहे.

आठाची हकिगत तर मला सगळ्यांत बोलकी वाटते. एमएच २१ या जालन्याच्या पासिंगची नवी गाडी घेताना आकड्यांची बेरीज करणारे आता खूप दिसतात. बेरीज आठ आली की नंबर नको, कारण आठ म्हणजे शनी. लोकांना वाटते, हे आपले प्राचीन शास्त्र. प्रत्यक्षात एक ते नऊ आकडे ग्रहांना वाटून देणारे आजचे लोकप्रिय अंकज्योतिष मुख्यतः किरो या नावाने गाजलेल्या, १८६६ साली आयर्लंडमध्ये जन्मलेल्या हस्तसामुद्रिकाच्या पुस्तकांतून पसरले. तरुणपणी मुंबईला उतरून कोकणातल्या एका ब्राह्मण गुरूकडे आपण विद्या शिकलो, असे तो सांगत असे. त्याच्या वाटणीत चार हा आकडा युरेनसला आणि सात नेपच्यूनला दिलेला होता. युरेनसचा शोध लागला १७८१ साली, नेपच्यूनचा १८४६ साली. ज्या वाटणीत हे दोन ग्रह येतात ती ऋषिमुनींची असू शकत नाही. पुढे आपल्याकडच्या अंकज्योतिष्यांनी तिथे राहू आणि केतू बसवले, मग ती घरचीच वाटू लागली. आठ तर आपला लाडका आकडा आहे: अष्टविनायक, अष्टलक्ष्मी, गोकुळाष्टमी. चीनला तो इतका प्रिय की बीजिंग ऑलिंपिकचे उद्घाटन त्यांनी २००८ सालच्या आठव्या महिन्याच्या आठ तारखेला, रात्री आठ वाजता केले.

काही दिवस एखाद्या आपत्तीने डागाळतात. रोमन लोकांनी १८ जुलै हा दिवस काळा मानला, कारण त्या दिवशी आलिया नदीकाठी गॉल टोळ्यांनी त्यांचा धुव्वा उडवला होता. मराठी मनात तशी जागा पानिपताची आहे. १४ जानेवारी १७६१. संक्रांतीच्या दिवशी पानिपत झाले, म्हणून आपण मोठ्या संकटाला संक्रांत म्हणतो, असे शाळेतही कानावर पडते. यात हिशेबाची चूक आहे. निरयन संक्रांत साधारण बहात्तर वर्षांनी एक दिवस पुढे सरकते. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ रोजी झाला आणि तो दिवस मकर संक्रांतीचा होता. पानिपत त्याच्या अठ्ठ्याण्णव वर्षे आधीचे. त्या साली संक्रांत १० किंवा ११ जानेवारीला येऊन गेलेली होती. संक्रांतीला भीतीचा रंग आहे तो दुसरीकडून: ती देवी वाहनावर बसून येते, जे नेसते-लेवते ते महाग होते, जिकडे पाहते तिकडे संकट, अशी वर्णने पंचांगांत दरवर्षी असतात. पण एका पिढीतल्या कितीतरी घरांतली कर्ती माणसे त्या लढाईत गेली. ते दुःख कोणत्या तरी दिवसाला चिकटणारच होते. शेजारी तीळगुळाचा सण होता, त्याला चिकटले.

अधिक मासाबद्दल थोडक्यात सांगतो. चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे, सौर वर्ष ३६५चे. अकरा दिवसांची तूट साचत जाते आणि साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी एक महिना जास्तीचा धरावा लागतो. ज्या महिन्यात संक्रांत पडत नाही तो हा. बारांच्या पंगतीत न बसणारा तेरावा, म्हणून ‘मलमास’ म्हणून हिणवला गेला, लग्नमुंजी त्यात बंद झाल्या. मग कथेने त्याला विष्णूच्या पदरात टाकून पुरुषोत्तम मास केले आणि लोकांनी जावयाला तेहतीस अनारशांचे वाण देऊन त्याचा धोंड्याचा महिना केला. बॅबिलोनमध्येही महिन्याचे सातवा, चौदावा, एकोणिसावा, एकविसावा आणि अठ्ठाविसावा हे दिवस राजाला वर्ज्य होते. एकोणिसावा का? कारण आधीच्या महिन्यापासून मोजला तर तो एकोणपन्नासावा, म्हणजे सातांची सात आवर्तने. कालगणनेतले जोड आणि सांधे जिथे दिसतात, तिथे अशुभ येऊन बसते, हे जगभर सारखेच आहे.

आतापर्यंतच्या गोष्टींनी फारसे कोणाचे वाईट होत नाही. शनिवारी तवा घेतला नाही तर रविवारी घेता येतो. पुढच्या तिघांची गोष्ट तशी नाही, कारण तिथे दिवसाचा दोष माणसाला लागतो. म्हणून त्यांचा हिशेब मी जालना जिल्ह्याला लावून मांडतो. २०११च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या १९,५९,०४६ होती.

साडेसाती म्हणजे शनी आपल्या राशीच्या आधीच्या, आपल्या आणि पुढच्या राशीत असतो ती साडेसात वर्षे. म्हणजे कोणत्याही क्षणी बारांपैकी तीन राशींना साडेसाती असतेच. जिल्ह्यातली जवळजवळ पाच लाख माणसे आज, उद्या, कधीही मोजा, साडेसातीत असणार. पाच लाखांत कोणाची बोअर आटणार, कोणाचा अपघात होणार, कोणाचे कर्ज थकणार. त्याच पाच लाखांत कोणाचे लग्न जमणार, कोणाला नोकरी लागणार. पहिले लक्षात राहते, दुसरे शनीच्या खात्यावर कोणी मांडत नाही.

धनिष्ठा पंचक म्हणजे चंद्र कुंभ आणि मीन या दोन राशींत असतो तो काळ, सत्तावीस दिवसांतले साधारण साडेचार दिवस. त्यात मृत्यू झाला तर घरातले आणखी पाच जण जातात, अशी धास्ती. बारांत दोन, म्हणजे दर सहा मृत्यूंमागे एक पंचकात होणारच. ही धास्ती खरी असती तर गावेच्या गावे ओस पडली असती. दुःखात बुडालेल्या घराला त्या दिवशी दर्भाचे पुतळे, शांत आणि दक्षिणा यांची यादी हातात दिली जाते. नाही म्हणायचे बळ त्या घडीला कोणात असते?

तिसरा मंगळ. लग्नस्थान, चौथे, सातवे, आठवे आणि बारावे, या पाचांपैकी एका स्थानी मंगळ असला की मूल ‘मंगळाचे’. बारांत पाच. जिल्ह्यातले आठ लाखांहून जास्त लोक साधारण मंगळाचे निघतील. इतका सर्वसाधारण योग दोष कसा म्हणायचा? ज्योतिषग्रंथांनाही ते जाणवले असावे, कारण मंगळाला इतके अपवाद सांगितले आहेत की वाचताना नियम मागे पडतो. पण अपवाद शोधून देण्याची वेळ येते ती मुलीच्या बापावर.

या सगळ्याची कसोटी महाराष्ट्रातच घेतली गेली आहे. २००८ साली खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर यांनी सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांच्यासह पुण्यात एक चाचणी केली. दोनशे मुलांच्या जन्मवेळा जमवल्या. शंभर हुशार विद्यार्थी, शंभर मतिमंद मुले. त्यावरून पत्रिका मांडल्या. सत्तावीस ज्योतिष्यांनी प्रत्येकी चाळीस पत्रिका तपासून उत्तरे पाठवली. पत्रिका पाहून मूल हुशार की मतिमंद, एवढेच सांगायचे होते. बरोबर उत्तरांचे सरासरी प्रमाण ४६ टक्के आले. नाणे उडवून सांगितले असते तर ५० टक्क्यांच्या आसपास आले असते. सर्वात चांगला निकाल चाळीसपैकी चोवीस. एवढा मोठा भेद ज्या पत्रिकेत दिसत नाही, तिच्यात वैधव्य दिसते यावर विश्वास ठेवून आपण मुली नाकारत आलो.

२०१३च्या ऑगस्टमध्ये दाभोलकरांची पुण्यात हत्या झाली आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा आला. तो नरबळी, अघोरी उपचार, भूत उतरवण्याच्या नावाखालची मारहाण यांना आळा घालतो. पत्रिका, वार आणि तिथी त्याच्या कक्षेत येत नाहीत. तिथे घरातल्या माणसांनाच ठरवावे लागते, आणि गरज पडली की ती ठरवतातही. २०२४च्या मे महिन्यात शुक्र आणि गुरू दोघेही अस्त पावलेले होते. अस्त म्हणजे ग्रह सूर्याजवळ आल्याने दिसेनासा होणे, एवढेच. शास्त्राप्रमाणे त्या काळात लग्ने नाहीत. पण मराठवाड्यात लग्नाचा हंगाम मेच असतो: रान मोकळे, कापसाचे पैसे आलेले, शाळेला सुट्टी, मृगाच्या आधी कार्य उरकायचे. मग पंचांगकर्त्यांनीच गौण काळातले, अडीअडचणीचे मुहूर्त काढून दिले. वधूवरांची सोय झाली, मंगलाष्टके म्हटली गेली. दोन ग्रह बाजूला ठेवता आले.

मंगळ मात्र बाजूला ठेवला जात नाही. वधूवर मेळाव्यांत हातोहात फिरणाऱ्या बायोडाट्यावर उंची आणि शिक्षणाच्या खाली ‘सौम्य मंगळ’ असे लिहिलेले असते. परतूर, मंठा, जाफराबादच्या शेतकरी घरांत ही ओळ किती जुनी आहे, ते घरातल्या सर्वात वयस्कर बाईला विचारावे. तिला आपली जन्मवेळ सांगता येणार नाही. रझाकारांच्या साली, पोळ्याच्या आदल्या दिवशी, औते सुटायच्या वेळेला, अशी तिच्या जन्माची नोंद. त्यावरून पत्रिका मांडता येत नाही, आणि तिची कधी मांडली गेली नाही. सोयरीक ठरली ती घर, शेत आणि मामाचा गाव पाहून. जन्माची वेळ मिनिटापर्यंत लिहिली जाऊ लागली ती बाळंतपणे दवाखान्यात होऊ लागल्यावर, आणि त्या मिनिटावरून पन्नास रुपयांत कुंडली छापून मिळू लागली ती संगणक आल्यावर. पिढ्यान्पिढ्यांचा म्हणून जो मंगळ नातीच्या लग्नाआड उभा केला जातो, तो तिच्या आजीला कोणी विचारलाही नव्हता.